बर्थलमय कोकणात आला होता?

जयगडला शास्त्री नदी समुद्राला मिळते. आज तिथे कोळशाची मोठाली जहाजं लागतात आणि फेरीबोट माणसं-गाड्या घेऊन पलीकडे तवसाळला जाते. साधारण साडेएकोणीसशे वर्षांपूर्वी हे बंदर, किंवा याच्या आसपासचं एखादं, एका ग्रीक पुस्तकात नोंदलं गेलं. पुस्तकाचं नाव ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’. लिहिणारा इजिप्तमध्ये राहणारा, ग्रीक बोलणारा व्यापारी. त्याने आपलं नाव कुठे लिहिलेलं नाही. कुठल्या बंदरात काय खपतं, काय मिळतं, कुठल्या महिन्यात निघावं आणि चाच्यांचं भय कुठे आहे, एवढंच त्याला सांगायचं होतं.

आपल्या किनाऱ्याबद्दल तो क्रमाने लिहितो. आधी सुप्पारा, मग कल्लिएना. पुढे सेमिल्ला, मंदगोरा, पालैपात्मै, मेलिझेइगारा, बिझान्टियन. सुप्पारा म्हणजे सोपारा, कल्लिएना म्हणजे कल्याण, सेमिल्ला म्हणजे चौल. त्याखालच्या नावांबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही. मंदगोरा बाणकोट-मंडणगडाकडे, पालैपात्मै दाभोळकडे, मेलिझेइगारा जयगड किंवा राजापूरकडे आणि बिझान्टियन विजयदुर्गाकडे नेणारे बरेच आहेत. एकेका नावावर वाद घालता येईल. पण चौलच्या दक्षिणेचा हा टापू म्हणजे १९८१ मध्ये सिंधुदुर्ग वेगळा होण्यापूर्वीचा आपला रत्नागिरी जिल्हाच आहे.

ही यादी आधी मांडली, कारण जी कथा सांगायची आहे ती या बंदरांवाचून अधांतरी राहते. येशूच्या बारा शिष्यांपैकी बर्थलमय हा कोकण किनाऱ्यावर आला, कल्याणला राहिला, इथल्या लोकांना त्याने मत्तयचं शुभवर्तमान दिलं आणि इथेच त्याला हौतात्म्य आलं, अशी ती कथा. केरळात प्रेषित थोमाची परंपरा सगळ्यांना ठाऊक आहे. बर्थलमयची कथा मात्र मुंबई-वसईकडच्या ख्रिस्ती इतिहासाच्या पुस्तकांबाहेर फारशी ऐकू येत नाही. ती कुठून निघाली, वाटेत तिला काय काय चिकटलं आणि आपल्या किनाऱ्याला ती कधी लागली, हे पाहायला हवं.

बायबलमध्ये बर्थलमयबद्दल जवळजवळ काहीच नाही. मत्तय, मार्क, लूक आणि प्रेषितांची कृत्ये या चार पुस्तकांतल्या शिष्यांच्या याद्यांत त्याचं नाव येतं. तो काय बोलला, काय केलं, कुठे गेला, एक शब्द नाही. ‘बर्थलमय’ हे नावही खरं तर बापाच्या नावावरून आलेलं: तलमयचा मुलगा. योहानाच्या शुभवर्तमानात काना गावचा नथनेल भेटतो, अंजिराच्या झाडाखाली बसलेला. तोच बर्थलमय, असं पुढे बऱ्याच शतकांनी मानलं जाऊ लागलं. ते खरं असेल तर त्याचं अंगचं नाव नथनेल. पण हाही तर्कच.

म्हणजे चरित्राची पाटी कोरी होती, आणि त्या कोऱ्या पाटीवर पुढच्या प्रत्येक शतकाने काहीतरी लिहिलं.

भारताचं नाव पहिल्यांदा येतं ते चौथ्या शतकाच्या सुरुवातीला. कैसरियाचा बिशप युसेबियस याने चर्चचा पहिला मोठा इतिहास लिहिला. त्याच्या पाचव्या भागात पँटेनस नावाच्या विद्वानाची हकिगत आहे. हा अलेक्झांड्रियाच्या ख्रिस्ती विद्यापीठाचा प्रमुख, काळ साधारण इसवी सन १८० ते १९०. तो भारतात गेला असं सांगतात, असं युसेबियस म्हणतो. ‘सांगतात’ हा शब्द त्याचा स्वतःचा आहे आणि तो त्याने जपून वापरला आहे. पँटेनसला तिथे ख्रिस्ताला ओळखणारे काही लोक भेटले. त्यांच्याजवळ मत्तयचं शुभवर्तमान हिब्रू अक्षरांत होतं. ते बर्थलमयने त्यांना दिलं होतं आणि तोवर त्यांनी सांभाळून ठेवलं होतं. पुढे जेरोमने यात भर घातली: पँटेनसने ते पुस्तक अलेक्झांड्रियाला परत नेलं, आणि तो ब्राह्मणांना उपदेश करायला गेला होता.

सगळ्या कथेचं मूळ एवढंच. पण या एवढ्याशा मजकुरात एक तपशील असा आहे, जो उगाच रचावा असं वाटत नाही, तो म्हणजे हिब्रू अक्षरं. भारतात जाऊन आलेल्या माणसाची शोभिवंत कथाच रचायची असती तर लिहिणाऱ्याने सोनं, हत्ती, नागवे साधू आणले असते. इथे आहे एक जुनं पुस्तक आणि ते सांभाळणारे थोडेसे लोक. ती अक्षरं वाचणारे लोक ज्यू असणार. आणि कोकणाच्या किनाऱ्यावर ज्यू होते.

अलिबागजवळच्या नवगावला बेने इस्रायल लोकांचं स्मारक आहे. जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना तिथेच मूठमाती दिली, ही त्यांची परंपरा. हाइम केहिमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या समाजाचा इतिहास लिहिला, त्यात हे आगमन इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमारास धरलं आहे. तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावोगाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. आडनावं केहिमकर, दिवेकर, नवगावकर, भाषा मराठी. पँटेनसला भेटलेले लोक हेच असतील का? मोह पडावा असा हा तर्क आहे. पण याच परंपरेत असंही सांगितलं जातं की त्यांचे धर्मग्रंथ समुद्रात गेले आणि त्यांच्या तोंडी उरली ती ‘शमा’ ही एक प्रार्थना. पुस्तक सांभाळणारे आणि पुस्तक हरवलेले, हे एकच लोक कसे? शिवाय बेने इस्रायल नेमके कधी आले यावर अभ्यासकांत मोठे मतभेद आहेत. तेव्हा हा धागा हाती धरावा, पण त्यावर भार टाकू नये.

आता मुख्य अडचण. त्या काळच्या ग्रीक-लॅटिन लेखकांचा ‘भारत’ फार ऐसपैस होता. तांबड्या समुद्राच्या तोंडापासून पुढचं काहीही त्यात येई: येमेन, इथिओपिया, इराणचा किनारा. पाचव्या शतकातला सॉक्रेटिस नावाचा चर्चचा इतिहासकार बर्थलमयच्या वाट्याला ‘इथिओपियाला लागून असलेला भारत’ आला असं लिहितो. त्याच सुमाराचा फिलोस्टॉर्जियस तर अगदी स्पष्ट आहे. बर्थलमयने ज्या आतल्या भारतीयांना उपदेश केला ते म्हणजे आताचे होमेराइट, असं तो म्हणतो. होमेराइट म्हणजे हिम्यर, म्हणजे येमेन. येमेनमध्ये ज्यूंची मोठी वस्ती होती. हिब्रू अक्षरांचं पुस्तक तिथे सहज बसतं.

कल्याणच्या बाजूने जो पुरावा नेहमी दिला जातो तोही इथेच अडखळतो. काही जुन्या मजकुरांत बर्थलमय ‘सुखी भारतीयां’कडे गेला असं आहे. सुखी म्हणजे कल्याण, असा अर्थ लावला गेला. हे वाचताना मन सुखावतं खरं; पण रोमन लोक येमेनलाच ‘सुखी अरबस्तान’ म्हणत. ‘सुखी’ हे विशेषण आपल्या कल्याणच्या किती आधीपासून तिकडे रूढ होतं हे लक्षात घेतलं की या अर्थाचा जोर ओसरतो.

आणखी एक दुवा शोधला गेला तो राजाचा. बर्थलमयच्या हौतात्म्याची जी कथा पुढे लॅटिन आणि ग्रीकमध्ये फिरली, तिच्यात पॉलिमियस नावाचा राजा आहे. त्याची वेडी झालेली मुलगी प्रेषित बरी करतो, राजा बाप्तिस्मा घेतो आणि राजाचा भाऊ अस्त्रेगेस प्रेषिताला मारून टाकतो. कथेच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी पॉलिमियस म्हणजे आपला सातवाहन राजा पुळुमावी असं सुचवलं. नाशिकच्या लेण्यांत आजी गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध लेख ज्याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातला आहे, तो वासिष्ठीपुत्र पुळुमावी. टॉलेमीनेही पैठणच्या राजाचं नाव ‘सिरो पोलेमायोस’ असं दिलं आहे, त्यामुळे ग्रीक कानांनी पुळुमावीचं काय केलं असेल ते दिसतं. पण हा पुळुमावी दुसऱ्या शतकातला. येशूचा शिष्य त्याच्या दरबारात पोहोचायला शंभरीच्या पुढे जगायला हवा. आणि पहिल्या शतकात काळ्या समुद्राकाठी पाँटसमध्ये पोलेमॉन नावाचा राजा खराच होता, आर्मेनियाच्या शेजारी.

आर्मेनिया हे बर्थलमयचं सगळ्यात घट्ट घर. आर्मेनियन चर्च थद्दय आणि बर्थलमय या दोघांना आपले संस्थापक मानतं. आज तुर्कस्तानात असलेल्या वान प्रांतात त्याच्या नावाचा मठ उभा होता, त्याचे अवशेष अजून आहेत. कातडी सोलून मारल्याची कथा त्याच बाजूची. तिच्यामुळे तो युरोपात चामड्याचं काम करणाऱ्यांचा आश्रयदाता संत झाला. मायकेलअँजेलोने १५४१ मध्ये पुऱ्या केलेल्या ‘अंतिम न्याय’ या चित्रात तो आपलीच कातडी हातात धरून बसला आहे. त्याच्या अस्थीही फिरल्या: सिसिलीजवळच्या लिपारी बेटावर, तिथून नवव्या शतकात बेनेव्हेन्तोला, पुढे रोमला टायबर नदीतल्या बेटावरच्या चर्चमध्ये. या साऱ्या प्रवासात कोकणातून काही नेल्याची नोंद कुठेही नाही. थोमाच्या अस्थी भारतातून एडेसाला नेल्याचं चौथ्या शतकातले सिरियन लेखक सांगतात. बर्थलमयबद्दल तसं कुणी म्हणत नाही. माझ्या मते कोकणच्या दाव्याविरुद्धचा हा सगळ्यात वजनदार मुद्दा आहे.

मग कोकणाचा या गोष्टीशी संबंधच नाही का? आहे, आणि तो प्रेषिताहून पक्का आहे.

पहिल्या शतकात एखादा ज्यू प्रवासी इथे येणं किती शक्य होतं ते आधी बघू. इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरच्या मायोस हॉर्मोस बंदरातून वर्षाला १२० जहाजं भारताकडे सुटत, असं स्ट्रेबो लिहितो. ती जुलैच्या सुमारास निघत, नैऋत्य मोसमी वारा पाठीशी घेऊन पाऊस ओसरता ओसरता आपल्या किनाऱ्याला लागत आणि वारा फिरला की थंडीत परतत. कोकणातल्या कुठल्याही तांडेलाला हे गणित समजावून सांगावं लागणार नाही. बेरेनिके या तिथल्या दुसऱ्या बंदराच्या उत्खननात भारतीय सागवान सापडलं, साडेसात किलो काळी मिरी भरलेला रांजण सापडला आणि २०२२ मध्ये बुद्धमूर्ती. इकडून बुद्ध तिकडे पोहोचला होता. तिकडून इकडे पोहोचलेली ग्रीक समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत निघाली. ती कुठल्या तरी कोकणी बंदरात उतरून घाट चढून वर गेली असणार. कार्ल्याच्या चैत्यातल्या खांबांवर धेनुकाकटाच्या यवनांची दानं कोरलेली आहेत. परदेशी माणूस येतो, इथे राहतो, इथल्या देवाला खांब देतो, हे त्या काळी रोजचंच होतं.

पेरिप्लसचा लेखक मात्र एक अडथळाही सांगतो. सातवाहन आणि क्षत्रपांच्या झगड्यात कल्याणचा व्यापार अडवला गेला होता. तिथे चुकून गेलेल्या ग्रीक जहाजांना पहाऱ्यात भडोचला नेत. खालच्या किनाऱ्यावर चाचे होते ते वेगळेच. प्रेषिताला कल्याणला उतरवणाऱ्या पुस्तकांत ही ओळ सहसा सापडत नाही.

आता पक्की गोष्ट. सहाव्या शतकात, साधारण ५२५ च्या आगेमागे, अलेक्झांड्रियाचा कॉस्मस हा व्यापारी पूर्वेकडच्या समुद्रात फिरला आणि पुढे त्याने जे लिहिलं त्यात एक वाक्य आहे: कल्लियाना इथे इराणमधून नेमलेला बिशप आहे. हे कल्लियाना म्हणजे केरळातलं कोल्लम, असं काही जण म्हणतात. पण कॉस्मस बंदरांची ओळीने यादी देतो: सिंदू, ओऱ्होथा, कल्लियाना, सिबोर आणि मग मिरीचा मलबार, त्यातली पाच बंदरं. सिबोर म्हणजे चौल. गुजरातनंतर आणि चौलच्या आधी येणारं कल्लियाना दुसरं कुठलं असेल? तांबं, लाकूड आणि कापड तिथून निघतं, असंही तो सांगतो. हे आपलंच कल्याण. बिशप आहे म्हणजे त्याला सांभाळायला मंडळी आहे, प्रार्थनेची जागा आहे, इराणच्या चर्चशी ये-जा आहे. वास्को द गामा कालिकतला उतरायच्या सुमारे पावणेदहाशे वर्षं आधी.

ही माणसं नंतर नाहीशी झाली नाहीत. १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन, त्यांपैकी एक तिफ्लिसचा दिमेत्रियस, ठाण्यात मारले गेले. त्यांच्याबरोबर आलेला जॉर्डन कातालानी वाचला आणि त्याने त्यांना सोपाऱ्यात पुरलं. ते ठाण्यात कुणाच्या घरी उतरले होते? तिथल्याच ख्रिस्ती लोकांकडे. ठाण्यात नेस्टोरियन, म्हणजे इराणच्या चर्चच्या, ख्रिस्त्यांची पंधरा घरं होती, असं थोड्याच काळाने आलेला प्रवासी ओदोरिक लिहितो. पंधरा घरं! ना राजा पाठीशी, ना तोफा. गोव्यात झुआरीच्या काठी आगशीजवळ २००१ मध्ये पहलवी अक्षरं कोरलेला एक दगडी क्रूस सापडला. तोही याच इराणी शाखेची खूण.

रत्नागिरीत असं काही आजवर हाती लागलेलं नाही. दापोली तालुक्यातल्या पन्हाळेकाजीला कोटजाई नदीच्या काठी २९ लेणी आहेत. हीनयान, वज्रयान, गाणपत्य, नाथ, सगळे एकामागून एक तिथे येऊन राहिले आणि खडकात आपापली खूण ठेवून गेले. बंदरात व्यापारापुरत्या राहणाऱ्या पाच-पंचवीस कुटुंबांना लेणं खोदायचा खर्च झेपत नाही. त्यांची प्रार्थनेची जागा चिऱ्याची आणि गवती छपराची असणार. कोकणचा पाऊस तसलं काही फार काळ ठेवत नाही.

प्रोटेस्टंट मिशनशी आपल्या जिल्ह्याचा कागदोपत्री संबंध सुरू होतो तो फार उशिरा. १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनरी बाणकोटला आले. इंग्रजांचा फोर्ट व्हिक्टोरिया तिथे होताच. पुढे हर्णैलाही त्यांचं ठाणं झालं. त्याआधीच, १८०५ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरीने आणि १८१७ मध्ये मुंबईत अमेरिकन मिशनने मराठीत शुभवर्तमान छापलं, ते मत्तयचं. बर्थलमयने दिलं म्हणतात तेच पुस्तक.

बर्थलमय आणि कल्याण ही जोडी ग्रंथांत पक्की झाली ती विसाव्या शतकात. सेंट झेवियर्समधले हेनरी हेरास यांनी १९४४ मध्ये भारताच्या दोन प्रेषितांवर लिहिलं. मग ए. सी. पेरुमालिल या जेझुइट अभ्यासकाने पुरावे गोळा केले, आणि १९६४ मध्ये जॉर्ज मोराईस यांच्या भारतीय ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात ते मुंबईच्या वाचकांपर्यंत पोहोचले. या तिघांची विद्वत्ता मी कमी लेखत नाही. पण काळ पाहा. इंग्रज जायला निघालेले, मग देश स्वतंत्र झालेला, आणि ख्रिस्ती माणसाला जागोजाग विचारलं जातंय: तुम्ही इथले कसे, तुमचा धर्म तर गोऱ्यांबरोबर आला. या प्रश्नाला उत्तर म्हणून प्रेषित हवा होता. थेट येशूच्या सोबतचा माणूस आपल्या किनाऱ्यावर उतरवला की प्रश्न विचारणाऱ्याचं तोंड बंद होतं.

हीच घालमेल आपल्या जिल्ह्यातल्या एका माणसाने आधी भोगली होती. नारायण वामन टिळक १८६१ मध्ये करजगावला जन्मले, १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्त हवा, पण परदेशी चर्चच्या चौकटीतला नको, म्हणून १९१७ मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभा केला. ते त्यासाठी प्रेषित शोधत बसले नाहीत. ओवी, अभंग आणि कीर्तन हीच त्यांची सनद होती, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त त्या वाटेवरचा सगळा त्रास आणि सगळा जिव्हाळा वाचायला मिळतो. मला टिळकांची वाट जास्त खरी वाटते. इथलं असण्यासाठी पहिल्या शतकातला दाखला लागत नाही. तो लागतो असं मानलं तर कोकणातल्या कितीतरी घराण्यांना आपापल्या वाड्यांतून उठावं लागेल.

तेव्हा माझा निर्णय असा. बर्थलमय कोकणात आला हे सिद्ध होत नाही. येमेन आणि आर्मेनियाचं पारडं जड आहे. ज्यांची त्याच्यावर श्रद्धा आहे त्यांनी २४ ऑगस्टचा त्याचा सण मनापासून साजरा करावा. त्याला उत्खननाची गरज नाही. पण इतिहास म्हणून मुलांना सांगायचं असेल तर कॉस्मसचं कल्याण सांगावं आणि ठाण्याची पंधरा घरं सांगावीत.

आणि एक विनंती रत्नागिरीकरांना. सड्यांवरची कातळशिल्पं स्थानिक माणसांनी पायपीट करून शोधली, आणि २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. बाणकोट, दाभोळ, जयगड, राजापूर या खाड्यांच्या काठांना तेवढंच लक्ष मिळायला हवं. विहीर खणताना, बांध घालताना, नारळाचं आळं करताना जुन्या रांजणाचं खापर, अनोळखी अक्षरांचा दगड, तांब्याचं नाणं हाती आलं तर ते फेकू नका, विकू नका, घासून पुसून साफही करू नका. जागेचा फोटो घ्या, किती खोलीवर मिळालं ते लिहून ठेवा आणि राज्याच्या पुरातत्त्व खात्याला कळवा.